मुलीकडे बर्लिनला, पण दिवसभर करायचे काय?

प्रश्न : मुलगी आणि जावई बर्लिनच्या प्रेन्झलाउअर बेर्ग भागात राहतात. आम्ही दोघे निवृत्त शिक्षक जूनपासून अडीच महिने त्यांच्याकडे जाणार आहोत. ते दिवसभर कामावर असतील. प्रेक्षणीय स्थळे आठवड्याभरात पाहून होतील आणि जर्मन आम्हांला येत नाही. उरलेले दिवस कसे घालवावेत? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मी स्वतः दोन उन्हाळे त्याच भागात मुलाकडे काढले आहेत, त्यामुळे आपली धास्ती मला चांगली ठाऊक आहे. पहिल्या वर्षी मी रोज नवे ठिकाण गाठण्याच्या मागे लागलो आणि पंधरा दिवसांत थकलो. दुसऱ्या वर्षी ठरवून त्याच वेळी त्याच रस्त्याने जाऊ लागलो, तेव्हा कुठे तो मोहल्ला मला आपला वाटू लागला. म्हणून माझे सांगणे एवढेच की घरातली दोन-तीन कामे मुलीकडून मागून घ्या आणि ती ठरल्या वारी, ठरल्या वेळी करा.

पहिले काम बाजाराचे. कोल्विट्झप्लात्झ या चौकात गुरुवारी सेंद्रिय मालाचा आणि शनिवारी मोठा बाजार भरतो. जूनमध्ये स्ट्रॉबेरी आणि चेरी येतात, आणि ज्या पांढऱ्या कोवळ्या कोंबांची तिथले लोक वर्षभर वाट पाहतात त्या श्पार्गेलचा (अ‍ॅस्परॅगसचा) हंगाम 24 जूनच्या सुमारास संपतो, तेव्हा गेल्या गेल्या ते घ्या. आपल्याकडच्यासारखी फळे दाबून, निवडून घेण्याची रीत तिथे नाही. बोटाने दाखवावे, विक्रेता काढून देतो. येताना ‘हालो’ आणि निघताना ‘च्युस’ एवढे दोन शब्द न विसरता म्हणा. तिसऱ्या शनिवारी चेरीवाल्या बाईंनी मी काही बोलण्याआधीच पिशवी उघडली, तो आनंद मला कोणत्याही संग्रहालयाने दिला नव्हता.

दुसरे काम रिकाम्या बाटल्यांचे. पाण्याच्या बहुतेक प्लॅस्टिकच्या बाटल्यांमागे 25 सेंट अनामत घेतलेली असते. बाटली सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकली की चिठ्ठी मिळते आणि ती गल्ल्यावर दिली की पैसे परत मिळतात. बागेत पुष्कळ लोक बाटली कचऱ्याच्या डब्यात न टाकता शेजारी उभी करून ठेवतात, कारण बाटल्या वेचून गुजराण करणाऱ्याला डब्यात हात घालावा लागू नये. ही रीत मला फार आवडली आणि मीही ती पाळली.

चालताना खाली पाहत चला. घरांसमोरच्या फरसबंदीत 10 सेंटिमीटर लांबी-रुंदीचे, वर पितळी पत्रा जडवलेले दगड बसवलेले दिसतील. नाझी काळात तिथून नेलेल्या माणसांची नावे, जन्मवर्ष आणि शेवट त्यांवर कोरलेला आहे. गुंटर डेमनिग या कलावंताने हे काम सुरू केले. जवळच रिकेश्ट्रासेवर 1904 चे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, उभे आहे. 1938 च्या नोव्हेंबरमध्ये नाझींनी देशभर सिनेगॉग जाळली, पण लगतच्या घरांना आग लागेल म्हणून हे जाळले गेले नाही. आपण शिक्षक आहात, तेव्हा या दगडांवरची अक्षरे सावकाश वाचाल अशी मला खात्री आहे.

रविवारी मात्र दुकाने बंद असतात, म्हणून दूध-भाजी शनिवारीच आणावी. त्या दिवशी आणि रोज रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते. जुन्या इमारतींच्या लाकडी जमिनींतून आवाज खाली जातो, त्यामुळे खलबत्ता बाहेर काढायचाच झाला तर इतर दिवशी दुपारी काढावा. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा जेवण आटोपून सगळ्यांनी मिळून चौकातल्या बाकावर बसता येते.

मुलीकडून घराची एक किल्ली पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि ती खिशात असल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकू नका. तिथले दार नुसते ओढले तरी बाहेरून किल्लीवाचून उघडत नाही.