हिवाळ्यात, खराब हवामानात गाडीने 800 किलोमीटर: एका दिवसात जावं का?

तुमचा प्रश्न वाचला. वाटेत पाऊस आणि बर्फाचा अंदाज आहे, सोबत वयस्कर आई-वडील आहेत, गाडी फोर-व्हील ड्राइव्ह आहे, तर पहाटे निघून रात्री पोहोचता येईल का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत सांगतो: जा, पण दोन दिवस घ्या. आणि फोर-व्हील ड्राइव्हच्या भरवशावर तर मुळीच वेळ ठरवू नका. ती गाडी जागेवरून काढायला आणि चढ चढायला उपयोगी पडते. ब्रेक लावल्यावर मात्र तुमची गाडी आणि साधी गाडी सारखीच घसरते.

मीही असाच एकदा दोन दिवसांचा रस्ता एका दिवसात काढायला निघालो होतो, कारण फोनवर कबूल करून बसलो होतो, 'रात्री जेवायला पोहोचतो.' दुपारपर्यंत नुसता पाऊस होता. मग डॅशबोर्डवरचं तापमान 3 झालं, 2 झालं, 1 झालं. रस्ता ओलाच दिसत होता. फक्त एक गोष्ट बदलली: टायरचा आवाज थांबला. ओल्या रस्त्यावर चाकांखाली सतत पाणी चिरल्यासारखा आवाज येतो, तो एकदम गप्प झाला. पुढच्या ट्रकच्या चाकांमागे उडणारा फवाराही नाहीसा झाला होता. मला वाटलं, रस्ता सुकला. पुढच्याच पुलावर गाडीची मागची बाजू उजवीकडे सरकायला लागली. भीतीने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला गेला, पण नशिबाने तो ब्रेकवर पडला नाही. जिकडे जायचं तिकडे नजर ठेवून स्टिअरिंग हळूच वळवलं आणि गाडी सरळ झाली. मागे मुलाला घट्ट धरून बसलेली बायको एवढंच म्हणाली, 'आता थांबू या.'

रस्ता ओला दिसतोय आणि पाणी मात्र उडत नाही, म्हणजे तो गोठलाय, हे मी त्या दिवशी शिकलो. पूल आधी गोठतो, कारण त्याला वरून आणि खालून दोन्हीकडून गार हवा लागते, जमिनीची ऊब मिळत नाही. शिवाय डॅशबोर्डवरचा आकडा हवेचा असतो, रस्ता त्याहून गार असू शकतो. म्हणून 3 अंश दिसले की बर्फ आहे असंच धरून चाला. क्रूझ कंट्रोल बंद करा. बर्फावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापटही अंतर लागू शकतं, त्यामुळे पुढच्या गाडीपासून जितकं मागे राहाल तितकं थोडंच.

निघण्यापूर्वी टायर बघा. साधारण 7 अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड कमी होते. हिवाळी टायर घालणार असाल तर चारही घाला, दोनच नकोत. पारा 5-6 अंशांनी उतरला की टायरमधली हवाही सुमारे 1 पीएसआयने कमी होते, म्हणून हवा सकाळी, टायर गार असतानाच तपासा. काच आतून धूसर झाली तर हीटरसोबत एसीही लावा, तो हवेतला दमटपणा काढतो. दाट बर्फात किंवा धुक्यात लो बीम ठेवा. हाय बीमचा उजेड उलट आपल्याच डोळ्यांवर येतो.

अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. ऊब हवी म्हणून इंजिन लावण्याआधी दर वेळी खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढा. तोंड बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत येतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. तासाला दहाएक मिनिटंच इंजिन चालवा आणि ज्या बाजूने वारा येत नाही तिकडची खिडकी बोटभर उघडी ठेवा. आई-वडिलांवर विशेष लक्ष द्या. उतारवयात थंडी चढत असली तरी लवकर कळत नाही, आणि 'आम्ही ठीक आहोत' म्हणायची सवयही असते. पांघरुणं आणि कोरडे मोजे डिकीत नकोत, हाताशी ठेवा. कुडकुडणारा माणूस ऊब न मिळताच कुडकुडायचा थांबला, असंबद्ध बोलू लागला, तर ती धोक्याची खूण आहे. लगेच मदत मागवा.

त्या दिवशी आम्ही पुढच्या वस्तीपर्यंत अगदी हळू गेलो आणि रात्र तिथेच काढली. मी फोन केला तेव्हा पलीकडून पहिलं वाक्य आलं, 'बरं केलंत, आम्हाला घोर लागला होता.' ज्या वेळेसाठी मी गाडी दामटत होतो, तिची तिकडे कुणालाच घाई नव्हती.

तुम्ही आजच फोन करून 'परवा संध्याकाळपर्यंत येतो' असं सांगून टाका. दर 150 किलोमीटरवर रात्र काढता येईल अशी एक जागा नकाशावर बघून ठेवा, आणि अंधार पडायच्या आत त्यातल्या एकीत शिरा, रस्ता मोकळा दिसत असला तरी.