वाळवंटात शत्रू वळसा घालून जाऊ शकतो, तर मग खंदक आणि सुरुंग कशासाठी?

शंका रास्त आहे. गझालाला नेमकं हेच घडलं. मे १९४२ मध्ये लिबियात ब्रिटिशांनी किनाऱ्यावरच्या गझालापासून दक्षिणेला बीर हकीमपर्यंत सुरुंगांचे पट्टे पेरले होते. मधूनमधून तारा, सुरुंग आणि तोफांनी वेढलेले ब्रिगेडचे तळ होते. जर्मन सेनापती रोमेल २६ तारखेच्या रात्री बीर हकीमलाही दक्षिणेकडून वळसा घालून निघाला आणि दुसऱ्या दिवशी थेट पिछाडीला पोचला. वाटेत आपली तिसरी भारतीय मोटर ब्रिगेड सापडली, ती सकाळीच चिरडली गेली.

पण खरी गंमत पुढे आहे. बीर हकीममधले, ब्रिटिशांच्या बाजूने लढणारे फ्रेंच १० जूनपर्यंत हटले नाहीत, त्यामुळे रोमेलच्या पेट्रोल-पाण्याच्या ट्रकनाही तोच लांबचा फेरा पडला. सुरुंगांना पाठ लावून तो अक्षरशः अडकला होता. त्याच वेळी सगळे रणगाडे एकदम अंगावर घालायचे, तर ब्रिटिशांनी ते तुकड्या-तुकड्यांनी पाठवले! माझ्या मते तिथे तटबंदी हरली नाही, तिच्यामागचं चिलखती दल हरलं. २१ जूनला तोब्रुकही पडलं.

इजिप्तमधल्या अल अलामेनला वळशाची सोयच नव्हती. उत्तरेला समुद्र, दक्षिणेला कत्ताराचा खोलगट प्रदेश, जिथल्या खारट दलदलीत आणि भुसभुशीत वाळूत रणगाडे रुततात. मधे जेमतेम साठेक किलोमीटर. आता बचावाची पाळी रोमेलची होती आणि पेट्रोलची टंचाई. त्याने जवळपास ५ लाख सुरुंग पेरले, त्यातले बहुतेक रणगाडाविरोधी. हे माणसाच्या वजनाने सहसा फुटत नाहीत, म्हणून २३ ऑक्टोबरच्या रात्री पायदळ पुढे गेलं आणि रणगाड्यांसाठी वाट काढायचं काम सॅपर्सवर, म्हणजे सुरुंग काढणाऱ्या लष्करी अभियंत्यांवर आलं. सुरुंगशोधक यंत्रं अपुरी, म्हणून पोटावर सरपटत, संगीन तिरकी खुपसत वाळू चाचपायची. सरळ वरून दाबली तर खेळ खलास. साफ झालेल्या वाटेच्या कडेला पांढरी फीत आणि दिवे. हे सगळं तोफांच्या माऱ्यात! उजाडलं तेव्हा कित्येक रणगाडे अजून त्या चिंचोळ्या वाटांमध्येच खोळंबले होते. फळी फुटायला ४ नोव्हेंबर उजाडला.

नुसत्या वाळूच्या भिंतीवर मात्र विसंबू नये. सुएझकाठी इस्रायलने घातलेला उंच बांध इजिप्तच्या सैनिकांनी ६ ऑक्टोबर १९७३ ला कालव्याच्याच पाण्याचे पंप लावून ठिकठिकाणी वाहून काढला. चौक्यांमध्ये माणसं मोजकी होती आणि मदतीला धावलेल्या रणगाड्यांना, कालवा ओलांडून आधीच दबा धरून बसलेल्या पायदळाच्या क्षेपणास्त्रांनी टिपलं.

लोंगेवालाचं विचाराल, तर १९७१ च्या त्या रात्री मेजर चांदपुरींच्या कंपनीला फक्त पहाटेपर्यंत तग धरायचा होता. उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली आणि उघड्या वाळूवर पाकिस्तानी रणगाड्यांना लपायला जागा उरली नाही.