न्यू जर्सीतून आयडाहोच्या श्वाइट्झरला स्कीइंगसाठी जाण्यात अर्थ आहे का?

प्रश्नकर्त्यांनी तपशिलात लिहिले आहे की घरातील चौघांचेही आयकॉन पास (एकदा पैसे भरून अनेक स्की डोंगरांवर चालणारा हंगामी पास) आहेत, आजवर व्हरमाँट आणि एकदा कोलोराडो झाले आहे, आणि आता पासच्या यादीत श्वाइट्झर हे नाव दिसले आहे. परंतु ज्या डोंगराचे नाव ओळखीतल्या कोणीच ऐकलेले नाही, तेथे विमानाचे पैसे आणि आठवड्याची रजा का घालावी, आणि मुले तेथे कंटाळतील का, असे त्यांना प्रश्न पडले आहेत. नाव न ऐकलेल्या डोंगरावर का जावे, हे वाक्य जवळजवळ याच शब्दांत मी माझ्या साडूंच्या तोंडून ऐकलेले आहे, आणि त्यावरून आमच्यात झालेला वाद अजून पुरता मिटलेला नाही, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मी सिॲटलजवळ राहतो आणि साडू न्यू जर्सीतल्या एडिसनला. 2018-19 च्या हंगामात आयकॉन पास सुरू झाला तेव्हापासून दोन्ही घरांत तो आहे, आणि दरवर्षी दोघी बहिणींची व मुलांची भेट व्हावी म्हणून आम्ही एक आठवडा एकत्र काढतो. ठिकाण ठरवण्याचा मान साडूंचा, कारण ते वयाने मोठे आहेत आणि त्यांना लांबून यावे लागते. 2022 साली त्यांनी रॉकी पर्वतातील एक नामांकित ठिकाण निवडले, ज्याचे नाव आपल्या मंडळींत स्कीइंग न करणाऱ्यांनाही ठाऊक असते. सकाळी साडेआठला आम्ही लिफ्टच्या, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या, रांगेत उभे राहिलो आणि दुपारच्या जेवणापर्यंत आमचे चार उतार, म्हणजे वरून खाली स्की करत येण्याच्या चार फेऱ्या, झाले. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. रांगेत उभ्या उभ्या तिच्या पायाची बोटे इतकी गारठली की तिला आत नेऊन बूट काढून तळवे चोळावे लागले. तीन दिवसांत मिळून आमचे सतरा उतार झाले. ते मी रोज रात्री फोनमध्ये टिपून ठेवत होतो, कारण पुढच्या वर्षी हा विषय निघणार हे मला तेव्हाच दिसत होते.

तो निघाला. मी म्हटले, या वेळी श्वाइट्झरला जाऊ. साडू म्हणाले, "हे कुठलं नाव काढलंत? पासवर एवढी मोठमोठी ठिकाणं असताना आयडाहोत जाऊन काय बटाटे बघायचे?" आयडाहो बटाट्यांसाठी प्रसिद्ध आहे, त्यावरचा हा टोमणा. मला ते लागले. ज्या डोंगरावर मी दोन वेळा जाऊन आलो होतो, ज्याच्या जंगलातल्या वाटा मला पाठ होत आल्या होत्या, त्याला न पाहताच निकालात काढलेले मला सहन झाले नाही.

मी त्यांच्यापुढे आकडे ठेवले, ते तुमच्याही उपयोगाचे आहेत. वायोमिंगच्या जॅक्सन होलचे क्षेत्र सुमारे 2500 एकर आहे, श्वाइट्झरचे 2900. उंचीच्या फरकात मात्र जॅक्सन होल फार पुढे आहे: तेथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत 4139 फूट उतरता येते, येथे साधारण 2400. हे मी लपवले नाही. पण बारा-चौदा वर्षांची मुले आणि चाळिशी ओलांडलेले आईवडील 4139 फूट एका दमात उतरणार आहेत काय? श्वाइट्झरचा माथा 6400 फुटांवर आहे, म्हणजे कोलोराडोतील ब्रेकेनरिज हे गावच ज्या 9600 फुटांवर वसले आहे त्याच्याही पुष्कळ खाली. समुद्रसपाटीवरून येणाऱ्या माणसाचा पहिला दिवस तेथे डोकेदुखीत आणि धाप लागण्यात जात नाही. दुरून येणाऱ्याच्या हिशेबात एक पूर्ण दिवस वाचणे ही मोठी गोष्ट आहे, कारण पासचे पैसे एकदा भरून झालेले असतात. तुटवडा असतो तो रजेच्या दिवसांचा. रजेच्या एका दिवसात किती उतार मिळाले, हाच माझ्या दृष्टीने खरा हिशेब आहे, आणि तो मांडायला साडू आजही तयार होत नाहीत.

शेवटी साळीने मध्यस्थी केली आणि 2023 च्या फेब्रुवारीतल्या सुट्टीचा आठवडा ठरला. ती चौघे नूअर्कहून विमान बदलून वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनला उतरणार होती. माझी पत्नी सामान घेऊन गाडीने निघाली, आणि मी व मुलगी ॲमट्रॅक या प्रवासी रेल्वेच्या एम्पायर बिल्डर नावाच्या गाडीने गेलो, कारण तो प्रवास तिला एकदा घडावा असे माझ्या मनात होते. ही गाडी सिॲटलहून संध्याकाळी पाचच्या सुमारास निघते, अंधार पडल्यावर कॅस्केड पर्वताखालचा जवळजवळ आठ मैलांचा बोगदा ओलांडते आणि रात्री अडीचच्या आसपास श्वाइट्झरच्या पायथ्याच्या सँडपॉइंट या गावी पोहोचते. संपूर्ण आयडाहो राज्यात ॲमट्रॅकचे हे एकच स्थानक आहे. 1916 साली बांधलेली विटांची छोटी इमारत, फलाटावर एकच दिवा, आणि उतरणारे आम्ही मोजून पाच जण, त्यांतल्या तिघांच्या खांद्यावर स्कीच्या पिशव्या. मुलगी झोपेत होती, तरी गाडी निघून गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, इथे बर्फाचा वास येतोय."

पहिला दिवस वाईट गेला, आणि तोही मी तुम्हाला सांगितलाच पाहिजे. श्वाइट्झरला धुके पडते, आणि पडते तेव्हा दाट पडते. प्रशांत महासागरावरून येणारी ओल सेल्कर्क पर्वतरांगेला अडते, पायथ्याशी पॉन्डरे हे प्रचंड सरोवर आहे, आणि ढग नेमके माथ्याच्या उंचीवर येऊन बसतात. ग्रेट एस्केप या लिफ्टवर आम्ही बसलो तेव्हा पुढची खुर्ची दिसत नव्हती. वर उतरल्यावर जमीन आणि आकाश यांचा रंग एक झाला होता. साडू स्वतः चांगले स्कीइंग करतात. पण अशा पांढऱ्या अंधारात आपण थांबलो आहोत की घसरत आहोत हेच शरीराला कळत नाही, आणि ते एके ठिकाणी शांत उभे असतानाच तोल जाऊन कुशीवर पडले. उठून चष्मा पुसत ते एवढेच म्हणाले, "अहो, हे दाखवायला आणलंत का आम्हाला?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी सर्वांना उघड्या उतारावरून काढून झाडांच्या कडेने नेले, कारण धुक्यात झाडांचे काळे बुंधे हीच एक खूण राहते. त्यांच्यावरून उतार किती आहे याचा अंदाज येतो. तुम्ही गेलात आणि धुके लागले तर हेच करावे, माथ्यावरचे मोकळे उतार त्या दिवशी सोडून द्यावेत.

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, गावातून निघालो तेव्हा खाली सगळे राखाडीच होते. गावापासून डोंगर साधारण 11 मैल, रस्ता वळणावळणाचा. अर्ध्याहून अधिक चढ संपला आणि गाडी एकदम उन्हात आली. ढग खाली राहिले होते. माथ्यावरून पाहिले तर सरोवराच्या जागी ढगांचा दुसरा पांढरा तलाव पसरलेला होता आणि त्यातून पलीकडचे डोंगर बेटांसारखे वर आले होते. हवा स्वच्छ असली म्हणजे तेथून आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टन ही तीन राज्ये आणि उत्तरेला कॅनडा दिसतो. साडू बराच वेळ काही बोलले नाहीत.

आणि ती झाडे. धुक्यातले पाण्याचे अतिथंड कण वाऱ्याबरोबर येऊन झाडावर आपटतात आणि जागच्या जागी गोठतात. असे दिवसेंदिवस होत राहिले की माथ्यावरचे प्रत्येक झाड पांढऱ्या आवरणाखाली दिसेनासे होते. तिकडचे लोक त्यांना बर्फाची भुते म्हणतात. माझी मुलगी म्हणाली की आपण गणपतीच्या आराशीत कापूस पिंजून हिमालय करतो तसे कोणीतरी सगळे जंगलच मढवले आहे. मी हातमोजा काढून एका फांदीला हात लावला. जवळून पाहिले तर तो सपाट थर नव्हता. पिसासारखी नाजूक पाती एकावर एक वाढलेली होती, आणि ती सगळी वारा ज्या दिशेने येतो त्या बाजूला तोंड करून. बोट लागताच ती कुरकुरत तुटली आणि आत हिरवी, जिवंत सुई दिसली. ज्या धुक्याने आमचा पहिला दिवस खाल्ला, त्याच धुक्याने ही झाडे घडवली होती. एकाशिवाय दुसरे मिळत नाही.

त्या मंगळवारी आमचे चौदा उतार झाले. मागच्या बाजूच्या आउटबॅक बोल या वाटीसारख्या खोलगट भागात स्टेला या सहा आसनी लिफ्टवर आम्ही सरळ जाऊन बसत होतो. सर्वांत मोठी रांग तीन-चार मिनिटांची. दोन दिवसांपूर्वी पडलेले भुसभुशीत बर्फ झाडांमध्ये तसेच शिल्लक होते, जे नामांकित ठिकाणी सकाळी दहापर्यंत संपलेले असते. साडूंचा मुलगा, जो आदल्या वर्षी दुसऱ्याच दिवशी कंटाळून खोलीत बसला होता, तो लिफ्ट बंद होईपर्यंत खाली आला नाही. एका दिवसात चौदा; आदल्या वर्षी तीन दिवसांत सतरा. रात्री जेवताना मी हे दोन्ही आकडे सांगितले. साडू म्हणाले, "ते ठीक आहे, पण ऑफिसात सांगितलं तर कोणाला कळणार आहे कुठे गेलो होतो ते?" येथे आमचा मतभेद उघडा पडला, आणि तुमच्या प्रश्नातही मला तोच दिसतो. सहकाऱ्यांना नाव सांगायचे असेल तर श्वाइट्झरला जाऊ नये. तेथे तुमची निराशाच होईल. मुलांना दिवसभर बर्फावर ठेवायचे असेल, तर नाव ऐकलेले नसणे हाच त्या डोंगराचा गुण आहे, कारण त्याच्यामुळे गर्दी दुसरीकडे जाते.

काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. स्पोकेन विमानतळापासून 80-85 मैलांचे अंतर आहे, कोरड्या रस्त्यावर पावणेदोन तास, बर्फात अधिक. भाड्याची गाडी चारही चाकांना जोर देणारी घ्यावी. शनिवार-रविवारी स्पोकेन व आसपासचे स्थानिक लोक येतात, त्यामुळे तुमचे दिवस सोमवार ते गुरुवार असे बसवावेत. वर्षाला सरासरी 300 इंच बर्फ पडते, पण डोंगर बेताच्या उंचीचा असल्यामुळे महासागराकडून उबदार वादळ आले की खालच्या भागात पाऊस पडतो आणि दुसऱ्या दिवशी उतार काचेसारखे होतात. म्हणून तीन दिवसांसाठी एवढ्या लांब जाऊ नये. पाच दिवस असतील तर एखादा धुक्याचा आणि एखादा पावसाचा सोडूनही हाती पुरेसे उरते. आम्ही गेलो तेव्हा पूर्ण आयकॉन पासवर तेथे सात दिवस मिळत होते आणि आमच्या सर्वांचे पास पूर्ण होते. त्याच वर्षी, 2023 मध्ये, पास चालवणाऱ्या अल्टेरा कंपनीने श्वाइट्झर विकत घेतले. तेव्हा तुमच्या पासवर आज किती दिवस मिळतात, आणि तो बेस, म्हणजे पूर्ण पासपेक्षा स्वस्त, प्रकारचा असेल तर सुट्टीतले कोणते दिवस वगळलेले आहेत, हे विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी पाहून घ्यावे.

त्याच सहलीत उत्तरेला सीमेपलीकडे कॅनडातल्या रॉसलँडचा रेड माउंटन हा स्की डोंगर जोडावा असे कोणी सुचवेल, तोही आयकॉनवर आहे. पारपत्र भारतीय असेल आणि ग्रीन कार्ड हाती आलेले नसेल, तर कॅनडाचा व्हिसा आधी काढावा लागेल. साडूंना रेडला जायचे होते आणि व्हिसा काढलेला नव्हता. त्यावरूनही एक संध्याकाळ गेली.

मुले कंटाळतील का, असेही तुम्ही विचारले आहे. दुपारनंतर गावात उतरा आणि त्यांना सरोवराच्या काठी न्या. हे पाणी 1150 फूट खोल आहे. समुद्रापासून शेकडो मैल आत असूनही अमेरिकी नौदल त्याच्या दक्षिण टोकाला, बेव्ह्यू येथे, पाणबुड्यांच्या प्रतिकृती पाण्यात सोडून त्यांच्या आवाजाच्या चाचण्या घेते. हे ऐकल्यावर आमची तीन मुले काळोख होईपर्यंत काठावर उभी राहिली, आणि साडूही त्यांच्याबरोबर उभे होते. पुढच्या हंगामासाठी त्यांनी पुन्हा त्या जुन्या नामांकित ठिकाणाचेच नाव पुढे केले आहे. मी या वेळी नाही म्हणून कळवले आहे. आम्ही तिघे श्वाइट्झरला जाणार आहोत, आणि साळी व तिची मुले आमच्याबरोबर येणार आहेत.