फायटरच्या बाउलची रविवारची धुलाई थांबवा

प्रश्न : डिसेंबरमध्ये मुलीच्या वाढदिवसाला निळा फायटर मासा, म्हणजे बेटा, आणला. दुकानदार म्हणाला, "याला फिल्टर लागत नाही, बाउल पुरे." तीन लिटरच्या बाउलमध्ये तो आहे. दर रविवारी मासा वाटीत काढून बाउल, खडे सगळं घासते आणि नळाचं ताजं पाणी भरते. तरी महिन्याभरात शेपटीची कड झिजली. तळाशी पडून असतो, खातही नाही. गेल्या वर्षीचाही असाच गेला. माझं काय चुकतंय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, माझा पहिला फायटर मी लोणच्याच्या बरणीत ठेवला होता. दर आठवड्याला बरणी चकचकीत करायचो. चार महिन्यांत तो गेला. का गेला, हे सांगणारं तेव्हा कुणी भेटलं नाही, म्हणून तुम्हाला जरा सविस्तर लिहितो.

माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या दाण्यांतून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण कल्ले आणि पर जाळतो. खड्यांवर, फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू हा अमोनिया पचवतात. तुमच्या बाउलमध्ये ते रुजायला लागले की रविवारी घासून निघतात. त्यात नळातलं क्लोरीन, आणि वर एकदम बदललेलं तापमान.

दुकानदाराचं म्हणणं अर्धंच खरं आहे. फायटरला कल्ल्यांच्या जोडीला हवेतून श्वास घेणारा खास अवयव असतो, म्हणून तो पृष्ठभागावर येऊन घोट घेतो आणि कमी प्राणवायूच्या पाण्यात तगतो. पण तो मूळचा थायलंडकडच्या भातखाचरांतला. खाचर उथळ असलं तरी ऐसपैस असतं, आणि तिथलं पाणी कोमट असतं. नाशिकच्या जानेवारीत बाउलचं पाणी रात्री 20 अंशांखाली सहज जातं. गारठलेल्या फायटरचं पचन मंदावतं, मग तो तळाशी बसतो आणि दाण्याकडे बघत नाही.

म्हणून आधी ऊब. पंधरा-वीस लिटरची झाकणाची टाकी, 50 वॉटचा हीटर आणि थर्मामीटर घ्या. पाणी 26 अंशांच्या आसपास ठेवा. आजच्या पाण्यावरून तिथवर हळूहळू, दिवसभरात न्या. काठोकाठ भरू नका, घोट घ्यायला वर चार बोटं जागा हवी. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावा आणि हवा अगदी मंद सोडा. लांब परांच्या माशाला जोराचा प्रवाह झेपत नाही.

नव्या टाकीत जिवाणू बसायला महिना-दीड महिना जातो. तोवर एक दिवसाआड पाव भाग पाणी बदला, पुढे आठवड्यातून एकदा. नवं पाणी अँटी-क्लोरीन घातलेलं आणि टाकीइतकंच कोमट हवं. पाणी काढण्याआधी हीटर बंद करा. स्पंज मळला तर काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली कधीच नको.

शेपटीसाठी पाच लिटरला एक चहाचा चमचा, बिनआयोडीनचं खडे मीठ विरघळवून घाला, दहा दिवसांपुरतं. पाणी बदलाल तेव्हा काढलेल्या पाण्यापुरतंच मीठ पुन्हा घाला. कड काळी-लाल होऊन अंगापर्यंत सरकली, तर मात्र मिठावर विसंबू नका, माशांचं औषध लागेल.

आसपास देशी बदामाचं झाड असेलच. सध्या त्याची पानं तांबडी होऊन गळतात. फवारणी न झालेलं, वाळून तपकिरी झालेलं एक पान धुऊन टाकीत सोडा. दोन दिवसांत पाणी कोऱ्या चहासारखं दिसेल, घाबरू नका. त्या रंगाच्या पाण्यात फायटर शांत राहतो, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलोय.

खाणं थोडंच. त्याचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं असतं. भूक परतली की सकाळ-संध्याकाळ तीन-तीन दाणे, आठवड्यातून एक दिवस उपास. उरलेला दाणा लगेच काढा. आणि लेक त्याला आरसा दाखवत असेल, तर तूर्त आरसा बाजूला ठेवायला सांगा. पर फुलवून झुंजायला उभं राहण्यात आजारी माशाची ताकद जाते.

तिला दुसरं काम द्या : रोज सकाळी थर्मामीटर वाचायचा आणि शेपटी न्याहाळायची. झिजलेल्या कडेला काचेसारखी पारदर्शक, पातळ झालर दिसली, तर तो नवा पर आहे. रंग त्यात नंतर भरतो.