वाचक विचारतात: ठासणीच्या बंदुकीचं पहिलं किट

प्रश्न: आम्ही पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ राहतो. शेजारचे आजोबा दरवर्षी नाताळ झाला की चकमकीची लांब बंदूक घेऊन हरणाच्या शिकारीला जातात. त्यांनी एकदा ती हातात दिली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जातच नाहीये. मला किट आणून अशी एक स्वतः उभी करायची आहे. सुतारकाम शाळेत केलं तेवढंच. कुठलं किट घेऊ, काय काय लागेल आणि दस्त्याच्या लाकडावर ते वाघासारखे पट्टे घरच्या घरी उठतात का?
*– एक वाचक, पेनसिल्व्हेनिया*

उत्तर: पट्टे उठतात, आणि झकास उठतात, त्याकडे येतेच. तुम्ही राहताय ती जागा या बंदुकीचं माहेर आहे हे आधी सांगते. अठराव्या शतकात लँकेस्टरच्या आसपास जर्मन आणि स्विस कारागीर येऊन वसले, त्यांची मूळची बंदूक आखूड आणि जाड नळीची होती. इथल्या जंगलात महिनोन्‌महिने फिरणाऱ्या लोकांना शिसं आणि बंदुकीची दारू पुरवून वापरावी लागायची म्हणून नळीचं भोक बारीक झालं, नळी लांबत लांबत ४२ ते ४६ इंचांवर गेली, आणि दस्त्याला इथलं मेपल आलं. आजही तुमच्या राज्यात नाताळनंतरचा शिकारीचा एक खास हंगाम फक्त चकमकीच्या बंदुकीचा असतो, तो १९७४ पासून चालू आहे. नाझारेथजवळ जेकब्सबर्गला या बंदुकांचं म्युझियम आहे तिथे किट मागवायच्या आधी एक चक्कर माराच, कारण खरी जुनी बंदूक किती सडपातळ असते ते फोटोत अजिबात कळत नाही आणि ते डोळ्यात बसलं नसेल तर आपण लाकूड काढायला घाबरतो आणि बंदूक जाडजूड राहते.

आता किट. तीनचारशे डॉलरच्या आसपास ट्रॅडिशन्स कंपनीचं किट मिळतं, त्यात दस्ता दोन तुकड्यांचा असतो आणि लाकूड साधं, पट्टे नसलेलं. हात बसवायला ते वाईट नाही. पण तुम्हाला हवी आहे शेजारच्या आजोबांसारखी, एकसंध मेपलची, तर थोडं थांबा, पैसे साठवा आणि किबलर कंपनीचं घ्या असं मी स्पष्ट सांगेन. हजार डॉलरच्या पुढे जातं, पण दस्ता कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर इतका नेमका कोरलेला असतो की नळी आणि लॉक, म्हणजे चाप ओढल्यावर ठिणगी पाडणारी यंत्रणा, जवळजवळ बसूनच येतात, मग तुमचा सगळा वेळ लाकडाचं अंग काढण्यात, पितळ घासण्यात आणि रंगात जातो. नवख्याने तिथेच वेळ घालवावा. चेंबर्स कंपनीची किट्स सुंदर असतात पण त्यात हाताने कोरायचं काम बरंच उरतं, ती दुसऱ्या बंदुकीला.

कायद्याचं आधीच बघून घ्या. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात अशा ठासणीच्या बंदुका 'अँटीक'मध्ये मोडतात म्हणून किट बहुतेक ठिकाणी पोस्टाने घरी येतं, पण राज्याराज्यात फरक आहे, न्यू जर्सीत तर नियम बरेच कडक आहेत, त्यामुळे तिथल्या एडिसन गावातल्या मित्राकडे पार्सल मागवू असं करू नका. आणि तुम्ही अजून व्हिसावर असाल तर वकिलाला विचारल्याशिवाय काहीही मागवू नका, बंदुकीची दारू तर नाहीच.

हत्यारं फार लागत नाहीत. चामडं लावलेला वाइस, दोनतीन चांगल्या कानशी, धार असलेली एक अर्धा इंची आणि एक पाव इंची पटाशी, हँड ड्रिल, पोलादी स्क्रेपर, हीट गन. पॉलिश पेपर कमीत कमी वापरा असं मी सगळ्यांना सांगते आणि कोणी ऐकत नाही. पट्टेदार मेपलमध्ये रेषा वरखाली लाटांसारख्या जातात, पेपर मऊ भाग जास्त खातो आणि कडा गोल करून टाकतो, आणि या बंदुकीची सगळी शान लॉकभोवतीच्या त्या धारदार कडांमध्ये असते. स्क्रेपरने लाकडाचे पातळ पातळ कुरळे निघतात, खाली काचेसारखा पृष्ठभाग राहतो. बसवाबसवीत एखादी जागा अडत असेल तर लोखंडाला दिव्याची काजळी लावा, जागेवर ठेवून हलकं दाबा, उचला. लाकडावर जिथे काळा डाग उमटला तेवढंच पटाशीने खरवडायचं, परत काजळी, परत दाबायचं. घाईत अंदाजाने काढलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही. नळीचा मागचा सपाट भाग मात्र लाकडाला नीट टेकलेला हवाच, तिथे फट राहिली तर उडवताना बसणारा धक्का भलतीकडे जातो आणि दस्ता तडकतो.

एक गोष्ट जपा. नळी काढलेली असताना दस्ता पुढच्या टोकाला धरून कधीच उचलू नका, तिथे लाकूड दोनतीन मिलिमीटरच उरलेलं असतं. नळी काढायची तर आधी लॉक काढा, मग नळीच्या मागच्या पट्टीचा स्क्रू, मग पिना, आणि पुढचा भाग हातावर आडवा पेलून. ज्या पिना नळीला लाकडात धरून ठेवतात त्यांची नळीच्या बाजूची भोकं लांबट हवीत, कारण तुमच्याकडे उन्हाळ्यात दमट आणि हिवाळ्यात हीटरची कोरडी हवा, लाकूड हलणार, लोखंड हलणार नाही.

आता रंग. आधी ओल्या फडक्याने लाकूड पुसायचं, हीट गनने वाळवायचं, लाकडाचे बारीक तंतू केसांसारखे उभे राहतात ते स्क्रेपरने काढायचे, असं केस उभे राहायचे थांबेपर्यंत. मग लोखंड विरघळवलेलं नायट्रिक ॲसिडचं द्रावण येतं, ते तयारच विकत घ्या, घरी बनवायच्या फंदात पडू नका. ब्रशने लावलं की लाकूड मळकट हिरवट-करडं दिसतं आणि पोटात गोळा येतो, सगळं वाया गेलं वाटतं. मग हीट गन सतत फिरवत जवळ न्यायची आणि बघता बघता तो करडा रंग तांबूस तपकिरी होत जातो, पट्टे एकेक करून वर येतात, ते बघताना हात थांबतो पण गन थांबवू नका, नाहीतर एका जागी जळेल. गॅरेजचं दार उघडं, हातमोजे, चष्मा, ॲसिडच्या वाफा वाईट असतात. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून वाळू द्या, फार काळं वाटलं तर कडांवरून आणि हात लागतो तिथून हलकं घासा, मग जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक पूर्ण वाळल्यावर पुढचा. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकी आपोआप पेटतात, मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

बंदूक झाली की पहिला बार एखाद्या जाणत्याच्या नजरेखाली, तुमचे शेजारचे आजोबा आहेतच. आणि फक्त काळी दारू किंवा तिच्याजागी चालणारी म्हणून विकली जाणारी, आधुनिक धूरविरहित दारू चिमूटभरसुद्धा नाही, नळी फुटते.

प्रश्न: आमच्या घरी सिंधुदुर्गात आजोबांची शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. माझा भाऊ अमेरिकेत असतो, त्याच्याकडून किट मागवून मी इथे जुळवू शकतो का?
*– एक वाचक, कुडाळ*

उत्तर: नाही, आणि भावालाही पाठवू देऊ नका. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली बंदूक बनवायला, जुळवायला आणि बाहेरून आणायला वेगळे परवाने लागतात, सुटे भागसुद्धा त्यात येतात. आजोबांचा परवाना ती एक बंदूक बाळगण्याचा आहे, नवीन बनवण्याचा नाही. आजोबा असतानाच परवाना आणि वारसाचं काय ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून ठेवा, नंतर धावपळ होते. लाकूडकामाची हौस असेल तर जुन्या बंदुकीच्या दस्त्याला वर्षातून एकदा जवसाचं तेल द्या, कोकणातल्या पावसात त्याला त्याची फार गरज असते.

प्रश्न: किट पूर्ण झालं, लॉक घट्ट बसलंय, नवी चकमक लावली, पण चाप ओढल्यावर ठिणग्या अगदी दोनचार उडतात. लॉक खराब आहे का?
*– एक वाचक, नॉर्थ कॅरोलिना*

उत्तर: लॉकला दोष द्यायच्या आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करा आणि चकमक बघा. ठिणगी दगडातून निघत नाही, दगड लॉकवरच्या, दारूची खोबणी झाकणाऱ्या पोलादी झाकणावरून पोलादाचा बारीक कीस खरवडतो आणि तो कीस जळतो. म्हणजे दगडाची धार झाकणाच्या पूर्ण रुंदीला एकाच वेळी टेकायला हवी, एका कोपऱ्यावर टेकली तर दोनचारच उडणार. चकमक चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून स्क्रू घट्ट करा, धार सरळ लावा, नाही जमलं तर दगड उलटा लावून बघा, उतार वर किंवा खाली यानेही बराच फरक पडतो. झाकणावर तेल राहिलं असेल तर पुसा. एवढं करूनही झाकणावर खोल चरे पडतायत आणि ठिणगी नाही असं दिसलं तर पोलाद मऊ राहिलंय, ते घरी तापवून पाणी द्यायचा प्रयत्न नका करू, लॉक बनवणाऱ्याकडे परत पाठवा.