विज्ञानाची पार्श्वभूमी नसताना हवामान बदल शास्त्रज्ञांकडून कसा समजून घ्यावा?

शास्त्रज्ञ स्वतःच ‘शक्यता आहे’ अशा भाषेत बोलत असतील, तर सामान्य माणसाने त्यांच्याकडून नेमके काय शिकायचे, असा आपला प्रश्न आहे. मीही विज्ञान शाखेचा नाही. त्यामुळे हे उत्तर श्रोत्यांच्या बाकावरून आले आहे असे समजावे.

माझा अनुभव असा की, ‘हे खरे आहे का?’ असे विचारले की मत मिळते आणि ‘हे कशावरून कळले?’ असे विचारले की विषय उलगडू लागतो. एका व्याख्यानानंतर मी काहीशा आगाऊपणानेच विचारले होते की, हवेत वाढलेला कार्बन डायऑक्साइड ज्वालामुखींचा नाही कशावरून? वक्त्यांनी फळ्यावर फक्त तीन आकडे लिहिले: १२, १३ आणि १४, म्हणजे वजनानुसार कार्बनच्या अणूचे तीन प्रकार. वनस्पती कार्बन-१३ पेक्षा हलका कार्बन-१२ अधिक प्रमाणात शोषून घेतात, आणि कोळसा व खनिज तेल हे प्राचीन जीवांचेच अवशेष असल्यामुळे त्यांतही कार्बन-१३ कमी असतो. आज हवेतील कार्बन-१३ चे प्रमाण घटत आहे, आणि ज्वालामुखींमुळे ते असे घटले नसते. मग हा कार्बन आजच्या जंगलांतून आला असेल का? तर तसेही नाही, कारण जिवंत झाडांत कार्बन-१४ असतो. त्याचे अर्धायुष्य (म्हणजे त्यातील निम्मे अणू नष्ट होण्यास लागणारा काळ) सुमारे ५,७०० वर्षांचे असल्याने कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेल्या इंधनात मात्र तो उरलेला नसतो. असा कार्बन-१४ विरहित कार्बन हवेत मिसळत असल्याची खूण हान्स स्यूस या रसायनशास्त्रज्ञाला झाडांच्या वलयांत १९५० च्या दशकातच सापडली होती. त्या दहा मिनिटांत मला जे समजले, ते कित्येक वर्षे बातम्या वाचून समजले नव्हते.

आता ‘शक्यता’ या शब्दाविषयी. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आयपीसीसीच्या (हवामान बदलावरील संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाच्या) अहवालांत असे शब्द मोजून वापरलेले असतात: ‘संभाव्य’ म्हणजे किमान ६६ टक्के, ‘अतिसंभाव्य’ म्हणजे किमान ९० टक्के. याच मंडळाचा २०२१ चा अहवाल मानवामुळे पृथ्वी तापल्याचे निर्विवाद म्हणतो. मात्र कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान अखेरीस किती वाढेल, याचे उत्तर २.५ ते ४ अंश सेल्सिअस असे देतो आणि त्याला ‘संभाव्य’ म्हणतो. अनिश्चितता आहे ती अशा ठिकाणी, मूळ कारणाविषयी नाही. (वृत्तवाहिन्यांवरील चर्चांत नेमकी हीच सीमारेषा पुसली जाते.)

सुरुवात करताना त्या अहवालाचा धोरणकर्त्यांसाठीचा सारांश घेऊ नये. त्यातील प्रत्येक ओळ सरकारांच्या प्रतिनिधींनी मंजूर केलेली असते आणि भाषा फार घट्ट होते. प्रकरणांसोबत सामान्य वाचकांसाठी प्रश्नोत्तरे दिलेली असतात, ती आधी वाचावीत, आणि जिथे अडेल तो एकच प्रश्न घेऊन त्या उपशाखेच्या अभ्यासकाकडे जावे.