प्रोसेसर स्टुडिओत ठेवू की ट्रान्समीटरला?

तुमचा सेटअप मला असा कळला: एफएम स्टेशन, स्टुडिओ एकीकडे, ट्रान्समीटर दुसरीकडे, मधे कोडेकवाली (म्हणजे ऑडिओ कॉम्प्रेस करून पाठवणारी) डिजिटल लिंक, आणि आवाजाची लेव्हल आणि टोन सांभाळणारा ऑडिओ प्रोसेसर एकच. माझं मत विचाराल तर तो ट्रान्समीटरलाच लावा, लिंकच्या नंतर आणि एक्सायटरच्या (ट्रान्समीटरचा एफएम सिग्नल तयार करणारा भाग) लगेच आधी.

प्रोसेसरच्या शेवटी जो लिमिटर-क्लिपर असतो ना, त्याचं काम म्हणजे पीक ठरलेल्या रेषेवर रोखून धरायचे, तरच डेव्हिएशन (आवाजानुसार फ्रिक्वेन्सी किती सरकते ते) ७५ किलोहर्ट्झच्या आत राहतं. आता हा कापून सपाट केलेला सिग्नल तुम्ही कोडेकमधून पाठवलात की पलीकडे ऐकायला तो जवळपास तसाच वाटेल पण वेव्हफॉर्मचा आकार बदललेला असतो, कारण कोडेक कानाला काय ऐकू येतं तेवढंच सांभाळतो, पीकचं त्याला काही पडलेलं नसतं. त्यामुळे ओव्हरशूट येतात, ते मर्यादेत बसवायला सगळी लेव्हलच खाली घ्यावी लागते, आणि प्रोसेसरने मिळवलेला लाऊडनेस तिथेच जातो. वर तो ऑडिओ प्रीएम्फसिस (एफएमवर पाठवण्याआधी ट्रेबल वाढवणं) लावलेला असेल तर ट्रेबल इतका चढलेला असतो की कोडेकची गणितंच बिघडतात आणि 'स', 'श' फाटल्यासारखे ऐकू येतात.

साधी लिनियर (कॉम्प्रेस न करणारी) लिंक असली तरी सॅम्पल रेट बघा. ३२ किलोहर्ट्झ असेल तर तिथला फिल्टर पण ओव्हरशूट देतो. स्टुडिओत प्रोसेसर ठेवायचाच असेल तर मग लिंक कंपोझिट किंवा डिजिटल एमपीएक्सची (म्हणजे एकत्र केलेला तयार स्टिरिओ सिग्नल नेणारी) हवी, आणि बेसला अगदी खालपर्यंत सपाट हवी.

ट्रान्समीटरला लावल्यावर प्रोसेसरचाच स्टिरिओ जनरेटर वापरा, एमपीएक्स थेट एक्सायटरच्या कंपोझिट इनपुटला. एक्सायटरमधला लिमिटर बंद करा. काही कारणाने एमपीएक्सऐवजी लेफ्ट-राइट ऑडिओ द्यावं लागलं तर प्रीएम्फसिस एकाच ठिकाणी चालू आहे ना ते आधी तपासा, दोन्हीकडे चालू राहिलं तर सगळं कर्कश होतं. आरडीएस (रेडिओवर स्टेशनचं नाव वगैरे दाखवणारा डेटा) एन्कोडर पण इथेच, स्टिरिओची खूण असलेल्या १९ किलोहर्ट्झ पायलट टोनला सिंक करून.

स्टुडिओत फार तर एक हळू चालणारा एजीसी (लेव्हल आपोआप सांभाळणारा) ठेवा, लिंकवर लेव्हल नीट जावी एवढ्यापुरता, आणि हेडरूम (पीकसाठी वरची मोकळी जागा) भरपूर सोडा. तो लावलात तर मुख्य प्रोसेसरचा एजीसी सैल करा, नाहीतर दोघं एकमेकांच्या मागे धावत बसतात आणि आवाज खालीवर होत राहतो. माईक प्रोसेसर अर्थातच माईकपाशी.

नेटवर्कवरून प्रोसेसरला पोचता येईल अशी सोय पहिल्या दिवसापासून करून ठेवा, प्रीसेट बदलायला दरवेळी साईटवर जाणं होत नाही.

अजून एक, आरजेच्या हेडफोनमधे ऑफ-एअर (रेडिओवर पकडलेला प्रसारित आवाज) देऊ नका, लिंक आणि प्रोसेसर मिळून इतका डिले होतो की स्वतःचाच आवाज मागून ऐकत बोलणं जमत नाही, कन्सोलवरूनच फीड द्या. ऑनलाईन स्ट्रीमला पण एफएमचा प्रोसेस झालेला आवाज जोडू नका, तिथे प्रीएम्फसिसची भानगडच नसते, मग ते क्लिपिंग कशाला सोसायचं? स्टुडिओतूनच वेगळा फीड घ्या आणि साधा सॉफ्टवेअर प्रोसेसर लावा.